तेहतीस फुटांची साखळी

आयोवा राज्यातले रस्ते सहसा वळत नाहीत, आणि वळलेच तर काटकोनात वळतात. पूर्वेला निघालात तर दर मैलाला उत्तर-दक्षिण जाणारा एक रस्ता आडवा येतो. उत्तरेला निघालात तर पूर्व-पश्चिम जाणारा. त्यातले बहुतेक खडीचे. दोन्ही बाजूंना मका, नाहीतर सोयाबीन. पुढच्या वर्षी मक्याच्या जागी सोयाबीन आणि सोयाबीनच्या जागी मका. आमच्या ओळखीतली मराठी मंडळी 'इथे बघण्यासारखं काही नाही' असं म्हणून मोकळी होतात आणि आईवडील भारतातून आले की त्यांना घेऊन नायगारा, शिकागो, न्यूयॉर्क अशा ठरलेल्या वारीला निघतात. मुक्काम ठरलेले, फोटोही ठरलेले. आम्हीही नायगारा केला. आईने धबधब्याला हात जोडले. अण्णांनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे पाणी पुढं कुणाच्या हद्दीत जातं?"

अण्णा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. भूकरमापक म्हणून लागले, निमतानदार, म्हणजे मोजणी तपासणारे, होऊन बाहेर पडले, आणि मधली सगळी नोकरी त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या बांधांवर उभं राहून केली. गावात 'मोजणीवाले आले' अशी बोंब होते आणि दोन भाऊ एकमेकांकडे न बघता शेताकडे चालायला लागतात, ते मोजणीवाले म्हणजे आमचे अण्णा. लहानपणी आम्हाला सुट्टीत मामाच्या गावाला सोडायला निघाले की एसटीच्या खिडकीतून ते आम्हाला झाडं, डोंगर दाखवत नसत. वरंब्याचे दगड दाखवत. "हा बघ, हा सरकारी दगड. हा हललेला आहे. कुणी हलवला ते मला माहीत आहे."

विमानतळावरून घरी येताना ते मागच्या सीटवर गप्प होते. आई झोपली होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पोरी, दर मैलाला रस्ता आहे. एक चुकला नाही. हे कुणी आखलं?"

मी इथे इतकी वर्षं राहते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आणि अण्णांना पडला म्हटल्यावर उत्तर मिळेपर्यंत घरात शांतता नव्हती.

उत्तर आहे १७८५ सालचं. इंग्रजांशी लढाई संपलेली, नव्या सरकारच्या डोक्यावर कर्ज आणि हातात पैसा नाही. होती ती पश्चिमेची जमीन, म्हणजे सरकार आपली म्हणत होतं ती जमीन. ती विकायची तर आधी मोजायला हवी. म्हणून कायदा झाला: सगळ्या मुलखाचे सहा मैल बाय सहा मैल असे चौकोन पाडायचे. एका चौकोनाची एक टाउनशिप. तिचे पुन्हा छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्याला सेक्शन म्हणायचं. सोळावं सेक्शन गावच्या शाळेसाठी राखायचं. ओहायो नदीच्या काठावरून मोजणी सुरू झाली आणि ती पुढे पश्चिमेकडे सरकत राहिली. पुढे १८६२ साली लिंकनच्या सहीने होमस्टेड कायदा आला. त्यात पाच वर्षं राहून कसेल त्याला पाव सेक्शन, १६० एकर, जवळजवळ फुकट. रस्ते मागाहून सेक्शनच्या कडेकडेने गेले, म्हणून ते मैलामैलावर आहेत.

"गायरान कुठंय?" अण्णांनी विचारलं.

गायरान नाही. गावठाण नाही, पाणंद नाही, देवस्थान इनाम नाही. शाळेचं एक सेक्शन सोडलं तर सगळं विकायला.

त्यांचा खरा आनंद यापुढे होता. ही सगळी आखणी साखळीने झालेली. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली बसवून दिलेली साखळी: ६६ फूट लांब, शंभर कड्या. ८० साखळ्यांचा मैल. दहा चौरस साखळ्यांचा एकर. हे मी मोबाइलवर वाचून दाखवत होते आणि अण्णा सोफ्यावरून उठून बसले. "सहासष्ट? आमची तेहतीस!" मुंबई इलाख्याच्या जमीन पाहणीत वापरली ती साखळी तेहतीस फुटांची, बरोबर अर्धी, आणि तिचे सोळा आणे. ती एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद मोजली की १०८९ चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. खटाव तालुक्यातला गुंठा आणि आयोवातलं सेक्शन एकाच घरातले निघाले. अण्णांनी तिथल्या तिथे हिशोब केला: एका सेक्शनचे पंचवीस हजार सहाशे गुंठे. त्या दिवसापासून गाडीतून जाताना ते प्रत्येक चौकाला "झाले पंचवीस हजार सहाशे" म्हणू लागले. माझी मुलगीही म्हणू लागली.

काळसुद्धा तोच. आयोवातली मोजणी १८३६ साली सुरू झाली. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन साहेब साखळ्या घेऊन फिरत होते. मुंबई इलाख्याची जमीन महसूल पद्धत तिथून बसली. तिच्या मागोमाग सर्व्हे नंबर, जमिनीची प्रतबंदी, साऱ्याची आकारणी हे सगळं आलं, ज्यावर अण्णांची नोकरी आणि आमची शिक्षणं झाली.

पण दोन्हीकडे साखळी एकच असली तरी ती धरून चालणारा माणूस वेगळा होता. इंदापुरात साहेब पोहोचला तेव्हा शेत आधीच होतं, बांध वाकडा होता आणि त्या वाकडेपणाला कारण होतं. तिथे ओढा होता, आंब्याचं झाड होतं, आजोबांच्या वेळचं भांडण होतं. साहेबाने वाकडं शेत वाकडंच कागदावर उतरवलं. हे काही त्याने प्रेमाने केलं नाही, त्याला शेतसारा हवा होता. तरी कागद शेताच्या मागून गेला. आयोवात कागद आधी आला. ओढा मध्ये आला तर ओढ्याच्या आरपार रेघ. अण्णा म्हणाले, "आमची मोजणी माणसाच्या मागं चालायची. इथली माणसाच्या पुढनं गेलीय."

सरळ रेघेलाही एके ठिकाणी हार खावी लागते, आणि ते ठिकाण अण्णांनी इथल्या कुठल्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा जास्त वेळ पाहिलं. पृथ्वी गोल, त्यामुळे उत्तरेकडे जावं तशा उत्तर-दक्षिण रेघा एकमेकींच्या जवळ येतात. सहा मैलांचा चौकोन वर सहा मैलांचा राहत नाही. म्हणून अधूनमधून एक दुरुस्तीची रेघ आखून तिथून नव्याने मोजायला सुरुवात करायची अशी पद्धत. त्या रेघेवर खालचा रस्ता आणि वरचा रस्ता जुळत नाहीत. गाडी सरळ चालली असताना अचानक काटकोनात वळावं लागतं, थोडं अंतर जाऊन पुन्हा काटकोनात. इथले लोक त्या वळणाला वैतागतात, हिवाळ्यात तिथे गाड्या शेतात जातात. अण्णांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, दोन्ही रस्त्यांच्या रेषेत उभे राहून डोळा बारीक करून पाहिलं. बाजूने पिकअप ट्रकमधून जाणाऱ्या माणसाने थांबून विचारलं, काही मदत हवी का. मी म्हटलं, नाही, माझे वडील मोजणीखात्यात होते. तो म्हणाला, मग ठीक आहे. हात हलवून निघून गेला.

यानंतर त्यांना कोर्टहाऊसला नेणं आलंच.

आयोवात नव्व्याण्णव काउंट्या आहेत आणि प्रत्येकीच्या मुख्य गावात मध्यभागी कोर्टहाऊस असतं. तहसील कचेरी, दुय्यम निबंधक, न्यायालय आणि कोषागार एका छपराखाली आणा, बाहेर युद्धातल्या सैनिकांच्या नावांचा दगड उभा करा, हिरवळ राखा, झालं कोर्टहाऊस. जमिनीची खतं जिथे नोंदवतात त्या खिडकीवर काउंटी रेकॉर्डर. मी अण्णांना सांगितलं की रेकॉर्डर निवडणुकीतून येतो. मतदान यंत्रणा बघणारा ऑडिटर, खजिनदार, शेरीफ, सगळे मतपत्रिकेवर असतात. अण्णा तिथल्या बाकावर बसले. "म्हणजे तलाठी निवडून आणायचा? मग सातबारा राहील कुणाचा?" त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती खरी होती. नोकरीत त्यांनी सरपंच पाहिलेले होते.

काउंटरवरच्या बाईंनी मात्र त्यांना जिंकलं. कुणाची जमीन, कशासाठी हवं, तुमचा काय संबंध, काही विचारलं नाही. माणूस आला आहे, नोंद बघायची आहे, बघा. मूळ मोजणीचे नकाशे त्यांनी दाखवले, त्याबरोबरच्या टिपणांच्या नकलाही. त्या काळचे मोजणीदार चालता चालता लिहीत गेलेले: इतक्या साखळ्यांवर ओढा, इतक्यावर ओकचं झाड, जमीन चढउताराची, पहिल्या प्रतीची. अण्णा चष्मा वर करून ते किरटं अक्षर वाचत होते आणि 'पहिली प्रत' या शब्दांवर बोट ठेवून हसले. जमिनीची प्रत ठरवणं आजही चालू आहे. इथे मक्यासाठी जमीन किती चांगली याचा शंभरपैकी आकडा असतो आणि जमिनीच्या लिलावाच्या जाहिरातीत तो ठळक छापतात. एकरी भाव दहा हजार डॉलरच्या वर गेल्यापासून तर फारच ठळक. "आमच्याकडे सोळा आणे," अण्णा म्हणाले, "इथं शंभर पैसे. म्हणजे यांनी दशमान पद्धत आधी घेतली."

एकाच गोष्टीवर ते नाराज झाले. आज मोजणी सरकारी माणूस करत नाही. राज्याचा परवाना असलेला खाजगी सर्व्हेअर येतो, फी घेतो, खुंट्या मारून जातो. अण्णा यावर काही बोलले नाहीत, पण आई म्हणाली की त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

तिथून आम्ही प्लॅट बुक विकत घेतलं. हे पुस्तक प्रत्येक काउंटीचं निघतं: पानभर एक टाउनशिप, छत्तीस चौकोन, आणि प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव. बँकेत, बियाणांच्या दुकानात, कुणाच्याही पिकअपच्या डॅशबोर्डवर सापडेल. अण्णांनी ते गीतेसारखं वाचायला घेतलं. जर्मन नावं, नॉर्वेजियन नावं, ट्रस्ट, कंपन्या. दोन-तीन दिवसांनी जेवताना म्हणाले, "यात बायकांची नावं फार आहेत."

आहेत. आयोवातली जवळपास निम्मी शेतजमीन बायकांच्या मालकीची आहे. बऱ्याचशा विधवा, काहींना माहेरून मिळालेली. कसतो दुसराच कुणीतरी, खंडाने. निम्म्याहून जास्त जमीन खंडानेच कसली जाते. मी हे सांगितलं आणि टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही, कारण घरात एक कागद होता आणि तो आम्हा तिघांनाही ठाऊक होता.

कागद त्यांच्या बॅगेत आला होता, कुरडयांच्या डब्याखाली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. बॅग मी रिकामी केली तेव्हा मला दिसला. अण्णांनी मी पाहिल्याचं पाहिलं. माझ्या मामेभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र. शिकागोच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यायचं, मग मामेभाऊ माझ्या वतीने दुय्यम निबंधकासमोर दादाच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवणार. अण्णांना हयातीतच सगळं मार्गी लावायचं होतं. आमच्या खटावच्या जमिनीतून माझं नाव निघणार, दादाचं एकट्याचं राहणार. आमच्या घरात हे नवीन नाही. दोन्ही आत्यांनी सोडलं होतं, साडीचोळीवर. त्यांची हक्कसोडपत्रं अण्णांनीच लिहून दिली होती, सुंदर अक्षरात. धाकट्या आत्याला पुढे तिच्या घरी वाईट दिवस आले तेव्हा अण्णांनी तिला पैसे पाठवले, दर दिवाळीला, न चुकता. ते पैसे होते, जमीन नव्हती, आणि आत्या ते घेताना उंबऱ्यात उभी राहून घ्यायची.

अण्णांनी कागद काढला नाही, मी विचारलं नाही. ते आपले कोर्टहाऊस बघत राहिले.

एका सकाळी मी त्यांना काउंटीचा कारभार बघणाऱ्या, निवडून आलेल्या सुपरवायझरांच्या सभेला नेलं. त्या दिवसांत इकडे पाइपलाइनचा वाद पेटलेला होता. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड पाइपातून नॉर्थ डाकोटात नेऊन जमिनीखाली खोल पुरायचा, अशी एका खाजगी कंपनीची योजना. २०२४ साली राज्याच्या आयोगाने परवानगी दिली आणि जो शेतकरी जागा देणार नाही त्याच्याकडून सक्तीने घेण्याची वाटही मोकळी केली. रस्त्यांच्या कडेला विरोधाच्या पाट्या लागल्या. मोजणीवाल्यांना शेतात पाऊल ठेवू द्यायचं की नाही यावरून कोर्टकज्जे झाले. २०२५ च्या मे महिन्यात विधिमंडळाने शेतकऱ्यांना संरक्षण देणारं विधेयक संमत केलं आणि जूनमध्ये गव्हर्नरबाईंनी ते व्हेटोने थांबवलं. विधिमंडळात बहुमत त्यांच्याच पक्षाचं.

भूसंपादन म्हटल्यावर अण्णांना भाषेची अडचण उरली नाही. संयुक्त मोजणीच्या वेळी दगड खाल्लेले होते त्यांनी.

सभा छोट्याशा खोलीत होती. सगळे उभे राहिले, छातीवर हात ठेवून झेंड्यासमोर प्रतिज्ञा म्हणाले, बसले. मग ज्याला बोलायचं त्याने पुढे यायचं, आधी नाव आणि पत्ता सांगायचा, आणि तीन मिनिटं. समोर घड्याळ. पहिला आला तो टोपी हातात धरून आला. त्याने पर्यावरणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याचा मुद्दा जमिनीखालच्या नळ्यांचा होता. मध्य आयोवा हा मूळचा पाणथळ प्रदेश. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शेताशेताखालून मातीच्या नळ्या टाकून लोकांनी ते पाणी ओढ्यांत सोडलं, तेव्हा कुठे मका उगवला. ती नळी कापली की वरच्या शेजाऱ्याचं शेत बुडतं. खटावचा माणूस हे ऐकून थक्क होणारच. आमची अख्खी हयात पाणी अडवण्यात गेली आणि इथे पाणी घालवण्यासाठी भांडण. दुसरी बोलली ती कॉलेजात शिकवणारी, पर्यावरणवाली. तिसऱ्याच्या शर्टावर ज्या नेत्याचं नाव होतं तो नेता तिला सोसत नसणार हे उघड होतं. पण तिचं बोलणं झाल्यावर टाळी पहिली त्याने वाजवली. गेली काही वर्षं टीव्हीवर जी अमेरिका दिसते, दोन घरांत विभागलेली, एकमेकांशी न बोलणारी, ती त्या खोलीत त्या सकाळपुरती नव्हती. रस्त्यावर गाडी लावताना मात्र दोघांच्या बंपरवरचे स्टिकर मी पाहिले होते, आणि नोव्हेंबरातल्या मतदानात दोघं काय करतील याबद्दल मला शंका नाही.

अण्णांनी बाहेर आल्यावर विचारलं, "आता हे पाच जण काय निर्णय देणार?"

मी म्हटलं, यांच्या हातात फारसं काही नाही. निर्णय वर होतो, राज्यात.

"मग ग्रामसभा आणि हे सारखंच." मग जरा थांबून, न्याय करावा तसं म्हणाले, "फरक इतकाच की इथं माणसं आली. आपल्याकडं कोरम नाही म्हणून सभा तहकूब, अर्ध्या तासाने तीच सभा, तीच सात माणसं, आणि आता कोरमची गरज नाही." पुन्हा थोडं चालून: "आणि प्रत्येकानं आधी नाव सांगितलं. ज्याच्या नावावर आहे तोच तावातावानं बोलत होता."

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही हायवे ३० ने पूर्वेकडे निघालो, टामा काउंटीत. आईला तिथला जुना पूल बघायचा होता असं नाही, पण वाटेत होता म्हणून पाहिला: १९१५ चा लिंकन हायवेचा पूल, त्याच्या सिमेंटच्या कठड्यातच रस्त्याचं नाव अक्षरा-अक्षराने कोरलेलं. जवळच मेस्क्वाकी या इथल्या मूळ रहिवासी लोकांची वस्ती आहे. मोठं कॅसिनो, हॉटेल, शाळा, घरं, नदीकाठची झाडी. अण्णांनी प्लॅट बुक मांडीवर घेतलेलं होतं. त्या पानावर चौकोनांच्या मधोमध एकाच मालकाचा सलग पट्टा होता.

"हे रिझर्व्हेशन का?" त्यांनी विचारलं. मूळ रहिवाशांसाठी सरकारने राखलेली जमीन, हा शब्द त्यांनी नातीच्या पुस्तकात वाचला होता.

रिझर्व्हेशन नाही, आणि तिथले लोक ते आवर्जून सांगतात. हा सगळा मुलूख मेस्क्वाकींचा आणि त्यांच्याबरोबरच्या सॉक लोकांचा. १८४२ च्या तहाने आयोवातली उरलीसुरली जमीनही गेली आणि त्यांना कॅन्ससला हलवलं. काही जण गेलेच नाहीत, काही परत येत राहिले. मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. १८५६ साली आयोवाच्या विधिमंडळाने त्यांना राज्यात राहू देणारा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, मेस्क्वाकींनी आयोवा नदीकाठची ८० एकर जमीन विकत घेतली. स्वतःच्या पैशाने, एक हजार डॉलरला. नाव लागलं गव्हर्नरचं, विश्वस्त म्हणून. तेव्हापासून ते थोडी थोडी घेत राहिले. आज आठ हजार एकरांच्या वर आहे.

अण्णांनी पुस्तक मिटलं. "विकत घेतली? स्वतःचीच?"

"हो."

"खरेदीखत केलं?"

"केलं."

"सरकारचा दर काय होता तेव्हा?"

सव्वा डॉलर एकर. हे मला कोर्टहाऊसमधल्या बाईंमुळे माहीत होतं. अण्णांना भागाकाराला वेळ लागला नाही. हजार भागिले ऐंशी, साडेबारा. "दहापट," ते म्हणाले. मग काही वेळाने, "पण शहाणी माणसं. कागद कशाचा असतो ते ओळखलं त्यांनी."

ही तुलना पुढे नेऊ नये हे मला कळतं. एका समाजाचा मुलूख जाणं आणि आमच्या आत्यांची नावं सातबाऱ्यावरून जाणं या एका तागडीत तोलायच्या गोष्टी नव्हेत. आत्यांना कुणी सैन्य पाठवून हलवलं नव्हतं. त्यांना जेवायला बोलावलं होतं, ओटी भरली होती. पण गाडीत मागे बसलेल्या आईने, जी आतापर्यंत या सगळ्या मोजणीपुराणात फारशी नव्हती, एकच वाक्य म्हटलं. "तुमच्या बहिणींनी परत मागितली तर आज काय भावानं घ्यावी लागेल त्यांना?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. उत्तर त्यांना माहीत होतं, कारण धरणाचं पाणी आल्यापासून आमच्या शिवारातले भाव काय झालेत ते त्यांना रोज व्हॉट्सॲपवर कळत असतं.

वाटेत त्यांनी मला एक कायद्याचा प्रश्न विचारला: त्यांना स्वतःला इथे दहा एकर घ्यायचे म्हटलं तर? घेता येणार नाहीत. इथे न राहणाऱ्या परदेशी माणसाला आयोवात शेतजमीन विकत घ्यायला बंदी आहे. आणि मला, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या ओसीआयवालीला, भारतात शेतजमीन विकत घ्यायला बंदी आहे. वारसाने मिळाली तरच. "म्हणजे तू एकदा सोडलंस," अण्णा सावकाश म्हणाले, "की तुला पैसे देऊनसुद्धा परत घेता येणार नाही."

"नाही येणार."

घरी आल्यावर त्यांनी फोल्डर काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं आता सही मागतील. मी बोलायचं ठरवलं होतं ते बोलले. दादाने जमीन कसावी, पीक त्याने घ्यावं, मला एक पोतं नको. पण नाव राहू द्या. मी सही करणार नाही. माझा आवाज मला हवा तितका शांत नव्हता.

अण्णा रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खात्यातल्या माणसासारखे बोलायला लागले. दोन हजार पाचचा कायदा आहे, सुप्रीम कोर्टाचा दोन हजार वीसचा निकाल आहे, मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी, लग्न कधी झालं याला महत्त्व नाही. हे सगळं त्यांना पाठ होतं. इतरांच्या घरी त्यांनी ते समजावून सांगितलेलं होतं. "नुसतं नाव ठेवून भागायचं नाही," ते म्हणाले. "माझ्यामागं तुम्ही दोघं बांधावर उभी राहाल आणि कुणीतरी माझ्यासारखा फी भरून बोलवाल. करायचं तर वाटपच करायचं. दादाला मी सांगतो." दादाला सांगणं किती अवघड जाणार आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो फोन पुढे झाला तो अवघडच झाला. वहिनी अजून माझ्याशी तुटक बोलते.

पण त्या संध्याकाळी अण्णांनी नातीच्या वहीतला एक कागद फाडला, पट्टी मागितली आणि आमच्या शेताचा आकार काढला, वाकडा, ओढ्याच्या बाजूला आत गेलेला, न मोजता, आठवणीतून. चार एकर चोवीस गुंठे. मग त्यावर रेघा मारू लागले. तीन नाही, चार भाग.

"चौथा कुणाचा?" मी विचारलं.

"बाप-लेकांत वाटप झालं की बायकोलाही लेकाइतकाच हिस्सा येतो. कायदा आहे. जुना आहे." त्यांनी मान वर केली नाही. "प्रत्येकी एक एकर सहा गुंठे. वीस गुंठ्यांच्या वर आहे, तुकडेबंदी आड येत नाही. आता विहिरीकडची बाजू कुणाला आणि रस्त्याकडची कुणाला, तेवढं बोला."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई पदराला हात पुसत दारात आली, पण टेबलापर्यंत आली नाही.

"विहिरीकडची माझी," ती म्हणाली. "रस्त्याकडची तुम्ही ठेवा. रस्ता रुंद झाला की तुमची मोजणी तुम्हीच करा."